बावन्न आठवड्यांनंतर

संस्थेत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणायचे आणि पाठीमागे सांडशी. तिची पकडच तशी होती. टेबलावर ससा आणला की ती डाव्या हाताने त्याची मान आणि उजव्या हाताने मागचे पाय असे काही धरायची, की श्वास घेण्यापलीकडे त्याला काही करता यायचं नाही. "हलला तर सुई वाकडी जाते, मग त्यालाच दोनदा टोचून घ्यावं लागतं. मी धरते ते त्याच्या भल्यासाठीच," असं ती नव्या मुलांना सांगायची. लेक लहान असताना तिला औषध पाजतानाही ती हेच म्हणायची.

नवरा याच संस्थेत शिपाई होता. तो गेला तेव्हा लेक दोन वर्षांची होती. त्याच्या जागी हिला घेतलं आणि तळमजल्यावरच्या प्राणिघरात टाकलं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, वजनं करायची आणि बोलावतील तेव्हा ससा धरायचा. अठरा वर्षं तिने हे केलं. सशांचा लळा वगैरे भानगड तिच्याकडे नव्हती. ठरलेल्या दिवशी दहा ससे धरून मारायला दिले, की हात धुऊन ती निवांत चहा प्यायची. कोणी नाक मुरडलंच, तर म्हणायची, "तुम्ही रडा, मी भुसा भरते. कोणीतरी भरायला हवाच ना."

दुसऱ्या मजल्यावर सरांची प्रयोगशाळा होती. दूध आंबतं तेव्हा त्यात जे आम्ल तयार होतं, त्याचे कण एकाला एक जोडून सरांनी लांबच लांब साखळ्या बनवल्या होत्या. त्याचे साखरेसारखे पांढरे दाणे व्हायचे. ते साच्यात वितळवून नखाएवढ्या पट्ट्या आणि मुंगीएवढे स्क्रू पाडायचे. मोडलेलं हाड जुळेपर्यंत पट्टीने ते धरून ठेवायचं. मग अंगातल्याच पाण्याने साखळ्या तुटत जायच्या आणि पट्टी विरघळून जायची. धातूची पट्टी काढायला माणसाला दुसऱ्यांदा चिरावं लागतं, ते वाचणार होतं.

एकदा सर खाली आले आणि त्यांनी एक पट्टी मावशीच्या तळहातावर ठेवली.

"काम झालं की न सांगता निघून जाणारा पाहुणा आहे हा, मावशी."

"मग सर, असाच एक जावई बघून द्यायचा होता."

सगळे हसले. लेकीच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. जावई मालाचा टेम्पो चालवायचा. बोलायला गोड, हाताला वाईट. लेकीच्या दंडावरचे डाग मावशीने पाहिले होते आणि मूग गिळून बसली होती. सुरुवातीला सगळीकडेच थोडं असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

चाळीस सशांचे खालचे जबडे कापून त्यावर पट्ट्या बसवल्या. दहा ससे चार आठवड्यांनी मारायचे, दहा बारा आठवड्यांनी, दहा सव्वीस आणि शेवटचे दहा बावन्न आठवड्यांनी, असा तक्ता भिंतीवर लागला. त्या त्या दिवशी मावशी ससा फडक्यात गुंडाळून धरायची, कानाच्या कडेच्या शिरेत सुई जायची आणि दोन मिनिटांत मान लुळी पडायची. मग जबडा वरच्या मजल्यावर जायचा. तिथे एक संशोधक मुलगी हाडाचे कागदाहून पातळ काप करून काचेवर चिकटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मावशी तिला काचवाली म्हणायची. काचवाली सशांना हात लावताना मावशीच्या खांद्याआड तोंड लपवायची, पण काम चोख करायची.

एक ससा चाळीसच्या वर होता. एक्केचाळीस नंबरची मादी. शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्क्रूचं डोकं पिळून तुटलं आणि पट्टी एकाच बाजूने बसली. सरांनी तिथल्या तिथे तिच्या नावावर काट मारली. "ही मोजायची नाही," म्हणाले. पण जनावर धडधाकट होतं, म्हणून नव्या विद्यार्थ्यांना रक्त काढायला शिकवण्यासाठी ठेवून दिलं. दर आठवड्याला कोणी ना कोणी नवशिका तिचे कान टोचायचा. कानांची जाळी झाली. मुलांनी तिचं नाव ठेवलं चाळणी.

बावन्न आठवडे भरले, शेवटचे दहा गेले. हाडं सुरेख जुळली होती, सूज नाही, पू नाही. पट्टी अजून दिसत होती, पण मऊ पडली होती. पुढच्या काही महिन्यांत ती पूर्ण नाहीशी होईल, असं सरांनी अहवालात लिहिलं. पुढचं कोणी बघितलं नाही, कारण बघायला तक्त्यातलं कोणी शिल्लकच नव्हतं. सहा महिन्यांनी माणसांवर बसवायची परवानगी आली. पहिल्या टप्प्यात वीस जण.

त्याच सुमारास जावयाने लेकीच्या तोंडावर दार आपटलं. ती आत यायला बघत होती आणि त्याला ती आत यायला नको होती, एवढंच कारण. डाव्या गालाचं हाड आत बसलं. दवाखान्याच्या कागदावर "जिन्यावरून पडली" असं लिहिलं गेलं. सांगितलं जावयाने, लिहिलं सर्जनने आणि मान हलवली मावशीने.

सर स्वतः वॉर्डात आले. "मावशी, तुमच्या मुलीला आपली पट्टी बसवू. धातू नको, पुन्हा चिरफाड नको. तरुण मुलगी आहे, चेहऱ्याचा प्रश्न आहे."

लेक घाबरली होती. अर्धं तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते. "आई, नवीन काही नको. जे सगळ्यांना बसवतात तेच बसवू दे."

"अगं, नवीन तुला. माझ्या हातांखालून चाळीस गेलेत," मावशी म्हणाली. "मी स्वतः बघितलंय. एकाला काही झालं नाही. सर काय परके आहेत?"

"नको ना."

"गप पड. तुझ्या भल्याचंच सांगतेय."

तिने लेकीचा हात धरून संमतीपत्रावर सही करून घेतली. वीस जणांत तिचा नंबर सातवा.

हाड सुंदर जुळलं. डोळ्याच्या कडेला केसाएवढी रेघ राहिली, तीही शोधावी लागायची. सर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मावशीच्या लेकीचा फोटो दाखवायचे. मावशीला त्या दिवसांत संस्थेत मान होता. लोक तिला खुर्ची द्यायचे.

लेक महिनाभर आईच्या खोलीत राहिली. तिला परत जायचं नव्हतं. ते तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भांडी घासता घासता रडून सांगितलं.

"हाड जुळलं ना? संसारही जुळेल," मावशी म्हणाली. "मी एकटीने काढलंय आयुष्य. एकट्या बाईचं काय होतं ते मला विचार. त्याची चूक त्याला कळलीये, परवा स्वतः घ्यायला आला होता."

दुसऱ्या दिवशी मावशीनेच तिची पिशवी भरली आणि तिला पोचवून आली.

दीडेक वर्ष गेलं. एका सकाळी नवशिक्यांसाठी चाळणीला टेबलावर धरलं असताना मावशीच्या बोटांना जबड्याखाली काहीतरी लागलं. वाटाण्याएवढी गाठ. तिने पुन्हा चाचपलं. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. ज्या बाजूला अर्धवट बसलेली पट्टी होती, तिथेच होती.

ती तशीच ओल्या हातांनी वर गेली. "सर, चाळणीच्या जबड्याला गाठ आलीये. पट्टीच्या जागेवर."

"कोण चाळणी?"

"एक्केचाळीस नंबर."

सरांनी कागदावरून मानही वर केली नाही. "ती मोजणीत नाही, मावशी. तिचा स्क्रू तुटला होता, पट्टी हलत राहिली असेल. शिवाय रोज टोचतात तिला. काहीतरी संसर्ग असेल."

"टोचतात कानाला, सर. गाठ जबड्याला आहे."

आता सरांनी वर पाहिलं. "परवानगीचा दुसरा टप्पा तोंडावर आलाय. मोजणीत नसलेल्या एका सशासाठी मी गावभर दवंडी पिटू का? जा, काम करा."

जिन्यात काचवाली भेटली. मावशीने तिला खाली ओढत नेलं आणि तिचं बोट त्या गाठीवर ठेवलं. काचवालीने दुसरी बाजूही चाचपून पाहिली.

"किती महिने झाले हिला?" मावशीने विचारलं.

"अडतीस."

"माझ्या लेकीला अठरा झालेत. म्हणजे अजून वीस."

"असं नसतं मावशी. ससा वेगळा, माणूस वेगळा."

"बसवताना तर सारखाच होता."

काचवालीची पदवी सरांच्या सहीवर अडली होती. तिने गाठीचं माप वहीत टिपून ठेवलं, तारीख घातली आणि वही कपाटात ठेवून दिली. दर महिन्याला ती गुपचूप खाली येऊन माप घ्यायची. एवढंच तिच्याने झालं.

त्यानंतर मावशी दर आठवड्याला लेकीकडे जायला लागली. बसण्याआधी लेकीची हनुवटी धरायची आणि अंगठ्याने गालाचं हाड दाबून बघायची. जावई खाटेवरून बघत असायचा. पहिल्यांदा लेक हसली, मग वैतागली, मग एकदा तिने हात झटकून टाकला.

"आई, मी काय ससा आहे का? आल्या आल्या दाबतेस!"

मावशीने तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होती? पट्टी काढता येण्यासारखी राहिली नव्हती. मऊ पडून हाडाला लगडली होती. घाबरवून उपयोग नव्हता, असं ती मनाशी म्हणायची. खरं म्हणजे लेकीच्या तोंडून "मी नको म्हणत होते" हे ऐकायची तिची तयारी नव्हती.

छत्तिसाव्या महिन्यात लेकीच्या गालावर गाठ आली. आधी डोळ्याखाली जराशी सूज, मग सुपारीएवढा फुगवटा, वर लाल चकाकी. जावई खूश झाला. "बघा हं सासूबाई, या वेळी मी बोटही लावलेलं नाही. हे तुमच्या संस्थेचं काम."

मावशीने लेकीला सरांसमोर आणून उभं केलं. सरांनी दोन बोटांनी गाल दाबला, दिव्याखाली तिरका करून पाहिला, पुन्हा दाबला. त्यांना लेकीच्या चेहऱ्यात इतका रस तिच्या ऑपरेशनच्या वेळीही नव्हता. चौथ्या आणि अकराव्या रुग्णाचेही फोन येऊन गेले होते, हे मावशीला नंतर कळलं.

"मावशी," ते म्हणाले, "ती राखीव मादी अजून जिवंत आहे ना?"

"आहे."

"उद्या सकाळी घेऊ तिला."

मावशी म्हणू शकली असती, की ती मोजणीत नाही. पण लेकीचा गाल कापायचा की नाही, आत काय सापडेल, हे कळायला तेवढी एकच जागा होती. तिने चाळणीला रात्रीचं खाणं घातलं आणि सकाळी फडक्यात गुंडाळून आणली. कानाची शीर टोचून टोचून निबर झाली होती, सुई आत जाईना. चार वेळा टोचावं लागलं. चाळणी एकदाही हलली नाही. पाच वर्षांत तिला सवय झाली होती.

काप काचेवर आले. पट्टी विरघळली होती, पण पुरती नाही. सगळ्यात सैल भाग आधी गेला होता आणि खडीसाखरेचे न विरघळलेले खडे तळाशी राहावेत, तसे कडक स्फटिकांचे बारीक कण मागे राहिले होते. शरीराच्या पेशी त्या कणांना गिळायला बघत होत्या. त्यांना ते पचत नव्हते आणि टाकूनही देता येत नव्हते. त्या भांडणाची ती गाठ होती. काचवालीने हे सगळं मावशीला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मावशीला रंगीबेरंगी ठिपके दिसले.

"हे किती वर्षं राहतं?"

"माहीत नाही, मावशी. एवढ्या पुढचं कोणी पाहिलेलंच नाही."

लेकीचा गाल पुन्हा उघडला. डोळ्याखालून चिरून, हाडाला चिकटलेले कण खरवडून काढावे लागले. या वेळी व्रण लपला नाही. खालची पापणी ओढली गेली, डावा डोळा पूर्ण मिटेनासा झाला, त्यातून पाणी गळत राहिलं. जावई दवाखान्यात एकदा आला. जखमेवरचं बँडेज सोडवून चेहरा पाहिला आणि म्हणाला, "हे सकाळ-संध्याकाळ समोर बघायचं का मी?" नंतर तो आलाच नाही. महिन्याभरात त्याच्या घरात दुसरी बाई होती.

वीसपैकी अकरा जणांना गाठी आल्या. दुसरा टप्पा थांबवावा लागला. सर खचले असतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण सर हुशार होते. अशा पट्टीचा इतक्या उशिराने होणारा त्रास, आणि तोही प्राण्यात आणि माणसात एकाच वेळी, फारसा कोणाच्या हाती लागला नव्हता. त्यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यांना परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं. जायच्या आधी त्यांनी संस्थेच्या सभागृहात रंगीत तालीम घेतली. खुर्च्या मांडायला आणि दिवे घालवायला मावशीला बोलावलं होतं.

पडद्यावर आधी चाळणीच्या जबड्याचे काप आले. "सुदैवाने," सर म्हणाले, "पुढचा परिणाम तपासता यावा, म्हणून आम्ही एक प्राणी ठरवून जास्त काळ ठेवला होता." मापांचा आलेखही आला. दर महिन्याचं माप, काचवालीच्या वहीतलं. काचवाली दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

मग एक चेहरा आला. डोळ्यांवर काळी पट्टी, खाली सुजलेला गाल. ओळख पटू नये म्हणून असं करतात. मावशीने कानाच्या पाळीवरून ओळखला. ते कान तिने स्वतः टोचून आणले होते.

"सातवा रुग्ण," सर म्हणाले. "वय तेवीस, स्त्री. जिन्यावरून पडल्याने गालाचं हाड मोडलेलं."

"ती जिन्यावरून पडली नव्हती," दिव्याच्या बटणापाशी उभ्या असलेल्या मावशीचा आवाज आला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अंधारात ती कोणाला नीट दिसली नसेल.

"नवऱ्याने दार आपटलं. आणि चाळणीला कोणी ठरवून ठेवलं नव्हतं. तुम्ही काट मारली होतीत. मी सांगायला आले होते, तर मला काम करायला पाठवलंत. तेव्हा माझ्या लेकीला अठराच महिने झाले होते."

सभागृहात कोणीतरी खोकलं. सर अगदी सौम्यपणे म्हणाले, "मावशी दमल्यात. दिवे लावा मावशी, आणि जरा बाहेर बसा." दिवे लागले, ती बाहेर गेली, दार लागलं आणि आतून पुन्हा सरांचा आवाज सुरू झाला. ते जिना-दाराचं काही त्यांनी बदललं नाही. चाळणीला ठरवून ठेवल्याचं वाक्य मात्र परिषदेच्या छापील निबंधात नव्हतं. ते काचवालीने गाळलं, असं म्हणतात. तिची पदवी दोन वर्षं लांबली.

त्या घोटाळ्यातून चांगलं झालं, ते खरंच झालं. कडक खडे तयार होऊ नयेत, म्हणून सरांनी साखळीत दुसऱ्या जातीचे कण मिसळले. नवी पट्टी दीड वर्षात विरघळून जाते, मागे काही राहत नाही. नवे ससे पाच वर्षं ठेवायचे, असा नियम झाला. पुढे शेकडो लोकांच्या हाडांत त्या पट्ट्या बसल्या. ते लोक आज सुखाने जेवतात, हसतात, आणि आपल्या गालात कधी काही होतं हे विसरूनही गेलेत.

लेक आईकडे राहायला आली नाही. बटणं बनवायच्या कारखान्यात तिला काम लागलं आणि तिथल्याच दोघींबरोबर तिने खोली घेतली. दर रविवारी मावशी जायची. लेक दारात उभी राहून बोलायची. तब्येत, कारखाना, पाण्याची वेळ. पंधरा मिनिटं झाली की म्हणायची, "चल, मला कपडे धुवायचेत." सभागृहातलं मावशीने तिला एकदा सांगितलं होतं. लेकीने ऐकून घेतलं आणि रुमालाने डोळा टिपला. पण तो डोळा तसाही सारखा टिपावाच लागायचा.

पाच वर्षं झाल्यावर सरांना वीसही जणांची शेवटची तपासणी आणि फोटो हवे होते. अहवाल त्याशिवाय पुरा होत नव्हता. सातव्या रुग्णाला दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. मग सर खाली प्राणिघरात आले.

"मावशी, मुलीला घेऊन या. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचं ऐकेल ती."

मावशीने रविवारी विचारलं. लेक म्हणाली, "त्यांना सांग, मी मेले."

सोमवारी सरांनी विचारलं, तेव्हा मावशी वजनकाट्यावर ससा ठेवत होती.

"सापडत नाही, सर."

"सापडत नाही म्हणजे? तुमची मुलगी तुम्हाला सापडत नाही?"

"खोली बदलली. पत्ता दिला नाही मला."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांची नोकरी आता तेवीस वर्षांची झाली होती आणि तेवढ्या काळात ती त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तक्त्यावर सातव्या नंबरापुढे लिहिलं, 'संपर्क होऊ शकला नाही.'

पुढच्या रविवारी तिने लेकीला ते सांगितलं. "तू सापडत नाहीस, असं लिहिलंय त्यांनी. मीच सांगितलं."

लेक हसली. कितीतरी दिवसांनी हसली. हसताना उजवा डोळा मिटला, डावा तसाच उघडा राहिला. मावशीला वाटलं, आता ती आत ये म्हणेल. तिने चपलेतून एक पाय काढलाही होता.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," लेक म्हणाली. "जादा पाळी लागलीये."

मावशीने पाय पुन्हा चपलेत घातला आणि जिना उतरायला लागली.